जात चोरणारी कार्ला आणि तिचे प्रेक्षक

दुपारच्या मालिका हा आपल्या समीक्षेचा विषय कधी झाला नाही. प्रस्थापित समीक्षेने त्या 'रिकाम्या बायकांचा उद्योग' म्हणून बाजूला टाकल्या. आपणही या बाबतीत प्रस्थापितांचीच री ओढली, हे कबूल केले पाहिजे. दलित साहित्याची चळवळ उभी राहिली तेव्हा ज्यांच्या बोलण्याला कुणी साहित्य मानत नव्हते त्यांचे बोलणे आपण साहित्य म्हणून मांडले. मग ज्यांच्या बोलण्याला कुणी समीक्षा मानत नाही, त्यांच्या बोलण्याकडे आपण पाठ का फिरवावी? मालिका पाहून झाल्यावर बायका पात्रांविषयी भांडतात, एकीची बाजू घेतात, दुसरीला शिव्या घालतात, पुढे काय व्हायला हवे ते ठरवतात. ही समीक्षाच आहे. ती चांगली असेल, वाईट असेल. पण ती आहे, आणि आपल्या चर्चासत्रांपेक्षा तिची व्याप्ती मोठी आहे.

या लेखात मी एकाच मालिकेतील एका कथानकाविषयी लिहिणार आहे. मालिका अमेरिकेतली, काळ १९६८-६९ चा. परदेशातला हा विषय मी निवडतो याचे कारण एवढेच, की त्या कथानकाचा प्रश्न आपला आहे. आपल्या भाषेत त्याला नेमका शब्द आहे : जात चोरणे.

अमेरिकेत या मालिकांना 'सोप ऑपेरा' म्हणतात, कारण त्यांचा जन्म साबणाच्या जाहिरातीसाठी झाला. १९३० साली शिकागोच्या रेडिओवर अर्ना फिलिप्स या लेखिकेने 'पेंटेड ड्रीम्स' ही मालिका सुरू केली. दिवसा घरात काम करीत असलेल्या स्त्रीला साबण विकायचा, तर तिला रोज रेडिओजवळ आणले पाहिजे, आणि रोज आणायचे तर गोष्ट संपता कामा नये, असा हा हिशोब होता. प्रॉक्टर अँड गॅम्बलसारख्या साबण कंपन्यांनी या मालिकांना पैसा पुरवला. 'गायडिंग लाइट' ही मालिका १९३७ मध्ये रेडिओवर सुरू झाली, १९५२ मध्ये दूरचित्रवाणीवर आली आणि २००९ मध्ये थांबली. एक गोष्ट बहात्तर वर्षे चालली!

न संपणाऱ्या गोष्टीचा एक परिणाम साबण विकणाऱ्यांच्याही ध्यानात आला नसेल. कादंबरी वाचून संपते आणि मग आपण तिच्याविषयी बोलतो. मालिकेचे तसे नाही. तिचा आजचा भाग 'आता ती काय करील?' या प्रश्नावर थांबतो आणि उद्या दुपारपर्यंत तो प्रश्न प्रेक्षकांच्या ताब्यात असतो. शेजारणीशी, बहिणीशी, कामावरच्या मैत्रिणीशी त्याची चर्चा होते. पात्रांना लोक घरच्या माणसांसारखे नावाने संबोधतात. नेटवर्ककडे पत्रे जातात. १९७५ पासून 'सोप ऑपेरा डायजेस्ट' नावाचे नियतकालिकच या चाहत्यांसाठी निघाले. म्हणजे दोन भागांमधल्या फटीत प्रेक्षकांचे बोलणे असते, आणि ते मालिकेचाच भाग असते.

आता कार्लाविषयी.

१५ जुलै १९६८ रोजी एबीसी नेटवर्कवर 'वन लाइफ टु लिव्ह' ही मालिका सुरू झाली. तिची लेखिका अॅग्नेस निक्सन ही अर्ना फिलिप्सच्या हाताखाली तयार झालेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला होता. गोऱ्या आणि काळ्यांच्या विवाहावर बंदी घालणारे राज्यांचे कायदे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले त्याला जेमतेम एक वर्ष झाले होते. दुपारच्या मालिकांच्या जगात मात्र गोरी, सुखवस्तू कुटुंबेच नांदत होती. निक्सनने आपल्या मालिकेच्या काल्पनिक गावात श्रीमंत गोऱ्या घराण्याबरोबर पोलिश कामगारांचे कुटुंब आणले, ज्यू आणले, आणि सेडी ग्रे ही कृष्णवर्णीय स्त्रीही आणली. सेडी गावातल्या रुग्णालयाच्या साफसफाई विभागात काम करते.

त्या शरद ऋतूत मालिकेत एक नवे पात्र आले : कार्ला बेनारी. ती नटी आहे. नाव इटालियन वळणाचे, वर्ण उजळ. प्रेक्षकांनी तिला गोरी समजून स्वीकारले. आजारपणात तिच्यावर उपचार करणारा गोरा डॉक्टर तिच्या प्रेमात पडतो, त्यांचे लग्न ठरते. त्याच रुग्णालयातल्या प्राइस ट्रेनर या कृष्णवर्णीय तरुण डॉक्टरकडेही ती ओढली जाते. एका भागात या दोघांचे चुंबन दाखवले गेले. नेटवर्ककडे संतप्त तक्रारी आल्या : गोरी बाई काळ्या पुरुषाचे चुंबन घेते! टेक्सासमधल्या एका केंद्राने मालिका दाखवणेच बंद केले, अशी नोंद आहे. आणि मग सेडी आणि कार्ला समोरासमोर आल्या. कार्ला बेनारी ही सेडीची मुलगी निघाली. तिचे खरे नाव क्लारा ग्रे.

या मालिकांचा एक अलिखित नियम असतो. गुपित पात्रांना ठाऊक नसते, प्रेक्षकांना ठाऊक असते. 'अगं, तो तुला फसवतोय' असे प्रेक्षक पडद्याकडे पाहून ओरडतो, त्यातच त्याची गंमत असते. निक्सनने हा नियम मोडला. गुपित प्रेक्षकांपासूनही लपवले. त्यामुळे काही महिने हे प्रेक्षक न कळत एका परीक्षेला बसले होते. ज्या बाईचे सौंदर्य, दुःख, प्रेम त्यांनी आपले मानले, ती 'आपली' नव्हती. ज्या चुंबनावर संतापून पत्रे लिहिली, ते त्यांच्याच हिशेबाने दोन काळ्या माणसांचे चुंबन होते. आणि ज्या साखरपुड्यावर त्यांची हरकत नव्हती, त्यावरच खरे तर त्यांची हरकत असायला हवी होती! वर्णभेद डोळ्यांना दिसतो, तो निसर्गाने दिलेला आहे, असे म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांचीच ही फजिती होती. डोळ्यांनी काहीच पाहिले नव्हते. त्यांनी फक्त नाव ऐकले होते.

या कथानकाचा सर्वांत मोलाचा भाग पडद्यावर घडला नाही, तो प्रेक्षकांत घडला, असे माझे मत आहे. त्याला एक विचित्र पुरावाही आहे. त्या काळात चित्रफिती महाग असत. त्या पुसून पुन्हा वापरल्या जात. 'वन लाइफ टु लिव्ह'च्या सुरुवातीच्या वर्षांतले बहुतेक भाग आज पाहायला मिळत नाहीत. उरले आहे ते कथानकाचे सारांश, संबंधितांच्या आठवणी आणि प्रेक्षकांचे बोलणे. मजकूर पुसला गेला आणि त्यावरची चर्चा उरली. आपल्या इतिहासाचे तरी दुसरे काय झाले आहे?

इथे मला बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा आठवते. त्या नावाचा कथासंग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला, म्हणजे कार्लाच्या आधी पाच वर्षे. दोन्ही ठिकाणी माणूस आपला जन्म लपवतो आणि दोन्ही ठिकाणी तो उघडा पडतो. पण मांडणीत एक मूलभूत फरक आहे. बागुलांनी गुपित शीर्षकातच सांगून टाकले आहे. 'मी' जात चोरली होती, असे सांगणारा माणूसच आपल्याशी बोलतो आहे. वाचक पहिल्या ओळीपासून त्याच्याबरोबर असतो, त्याच्या भीतीत सामील असतो, आणि जात उघड झाल्यावर त्याला मार पडतो तेव्हा तो मार वाचकालाही लागतो. आरोपीच्या पिंजऱ्यात मारणारे उभे राहतात.

निक्सनने प्रेक्षकाला कार्लाच्या बाजूला बसवले नाही, तिच्यावर पाळत ठेवणाऱ्यांच्या बाजूला बसवले. गुपित फुटते त्या क्षणी प्रेक्षकाच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो 'फसवले!' असा. पुढचे कथानकही त्याच वळणाने गेले. कार्लाने गोऱ्या डॉक्टरशी लग्न केले नाही, ती आईकडे परतली, आपली ओळख तिने स्वीकारली. हे सारे चांगलेच झाले. पण मालिकेचा प्रश्न 'कार्लाने असे का केले?' हाच राहिला. 'असे केल्याशिवाय तिला नटी म्हणून, माणूस म्हणून जगू का दिले नाही?' हा प्रश्न कुणी करायचा? लेखिकेचा हेतू प्रामाणिक होता, याविषयी मला शंका नाही. परंतु सहानुभूती आणि बाजू घेणे यांत अंतर असते. सवर्ण लेखकांच्या दलितविषयक लेखनासंबंधी आपण वर्षानुवर्षे जे म्हणत आलो, तेच इथे लागू पडते.

आणि तरीही या कथानकाला एक दुसरी बाजू आहे, ती कार्लाचे काम करणाऱ्या एलन हॉलीची. ही उजळ वर्णाची कृष्णवर्णीय अभिनेत्री. गोऱ्यांच्या भूमिका तिला मिळत नसत कारण ती काळी, आणि काळ्यांच्या भूमिका मिळत नसत कारण ती पुरेशी काळी दिसत नाही! १९६८ मध्ये तिने 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये याच अन्यायावर लेख लिहिला. 'किती काळे असावे लागते?' असा त्या लेखाच्या मथळ्याचा आशय होता. तो वाचून निक्सनने तिला बोलावले. म्हणजे जिने आपली ओळख कधी लपवली नाही, उलट ती वर्तमानपत्रात उघडपणे मांडली, तिलाच ओळख लपवणाऱ्या बाईची भूमिका मिळाली. दुपारच्या मालिकेतली ती पहिली प्रमुख कृष्णवर्णीय अभिनेत्री मानली जाते. १९८५ मध्ये तिला मालिकेतून काढण्यात आले. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात तिने लिहिले, की बरोबरीच्या गोऱ्या कलावंतांपेक्षा आपल्याला कमी मोबदला मिळत होता. पुढे तिने एका सार्वजनिक ग्रंथालयात नोकरी केली. २०२३ मध्ये ती वारली. पडद्यावर वर्णभेदाविरुद्ध गोष्ट चालू होती, आणि पडद्यामागे वर्णभेदाचा हिशोब. या विसंगतीवर आणखी भाष्य करण्याची गरज नाही.

हे सारे वाचून झाल्यावर मी एक गोष्ट केली. आमच्या वस्तीत दुपारी भांडी-धुणी आटोपली की बायका आमच्या घरी मराठी मालिकांचे पुनःप्रक्षेपण पाहायला जमतात. एके दिवशी वीज गेली. बायका तशाच बसून राहिल्या. मी त्यांना कार्लाची गोष्ट मालिकेसारखीच सांगितली, गुपित शेवटपर्यंत न फोडता. पण मला एलन हॉलीइतके यश आले नाही. अर्ध्यातच शेजारच्या काकू म्हणाल्या, "ती झाडूवाली उगाच नाही आणली गोष्टीत. ही पोरगी तिचीच असणार." काकू स्वतः एका दवाखान्यात सफाईच्या कामावर होत्या. अमेरिकेतल्या प्रेक्षकांना जे काही महिने कळले नाही, ते काकूंना दहा मिनिटांत कळले. सेडीकडे त्यांचे लक्ष पहिल्यापासून होते. इतरांना ती दिसलीच नसावी.

मग वाद सुरू झाला. काकूंचे म्हणणे, "माझ्या लेकीनं दवाखान्यात मला ओळख दिली नसती, तर मी पण दिली नसती. तिचं बरं होतंय ना, होऊ द्यावं." आत्या उसळली, "मायला लपवून कुणाचं बरं झालंय? उद्या पोरं होतील, त्यांना काय सांगशील, आजी मेली म्हणून?" एक नवी सून हळूच म्हणाली, "पण आत्या, डॉक्टरनं लग्नाचं विचारलं तेव्हा तिनं खरं सांगितलं असतं, तर त्यानं केलं असतं का?" त्यावर कुणी बोलले नाही. मालिकेने जो प्रश्न बाजूला ठेवला, तो या मुलीने एका वाक्यात मध्ये आणून ठेवला. समीक्षेचे काम याहून वेगळे काय असते?

माझी आई त्या दिवशी काहीच बोलली नाही. रात्री जेवताना म्हणाली, "त्या सेडीनं लेकीला ओळख दाखवली, बरं केलं. मला नाही जमलं."

तिला काय म्हणायचे होते ते मला ठाऊक होते. माझा मोठा भाऊ नोकरी लागल्यावर एका शहरात भाड्याने राहू लागला. घर मिळावे म्हणून त्याने गावाच्या नावावरून आडनाव सांगितले. आई त्याच्याकडे पहिल्यांदा गेली, तेव्हा जिना चढताना त्याने तिला हलक्या आवाजात सांगितले, "शेजारच्या बाई भेटल्या तर नमस्कार म्हण, आई." बाबासाहेबांचा फोटो त्याने कपाटाच्या दाराला आतून लावला होता. आई महिनाभर राहायला म्हणून गेली होती, आठव्या दिवशी परतली. तिकडचे पाणी मानवत नाही, असे तिने आम्हांला सांगितले. आठ दिवस ती सगळ्यांना नमस्कार म्हणत होती.

अमेरिकेत आपला वंश लपवणे फक्त उजळ वर्णाच्या माणसाला शक्य होते. आपल्याकडे जात कातडीवर लिहिलेली नसते, म्हणून ती चोरणे कुणालाही शक्य वाटते. आणि म्हणूनच ती चोरी अधिक अवघड आहे. आडनाव, गाव, बोली, अभिवादन, भिंतीवरचा फोटो, आई, सगळेच लपवावे लागते. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या आणि अस्पृश्यांच्या स्थितीतील साम्य सांगितले होते. १९७२ मध्ये दलित पँथरने त्यांच्याकडून नाव घेतले. हे नाते आपण लढ्याच्या पातळीवर ओळखले. स्वयंपाकघराच्या पातळीवरही ते आहे, हे मला त्या दुपारी कळले.

प्रेक्षकांच्या चर्चेचा मी एवढा पुरस्कार करतो, त्याला एक पुस्ती जोडणे भाग आहे. लोकांचे बोलणे नेहमीच न्यायाच्या बाजूचे असते, असा भाबडा समज नको. 'जनरल हॉस्पिटल' या मालिकेत १९७९ मध्ये लूक नावाच्या तरुणाने लॉरा या मुलीवर बलात्कार केला. पुढे तीच जोडी चाहत्यांची सर्वांत लाडकी झाली. बलात्काराला 'मोह' म्हणण्यापर्यंत मजल गेली आणि नोव्हेंबर १९८१ मधले त्यांचे लग्न सुमारे तीन कोटी लोकांनी पाहिले. लूकला प्रेक्षकांनी माफ केले. कार्लाला मात्र पश्चात्ताप करावा लागला. या मालिकेला तो बलात्कार बलात्कार म्हणून पुन्हा समोर घ्यायला १९९८ उजाडले. ज्या समाजात पुरुषाचा गुन्हा प्रेम ठरतो आणि काळ्या बाईचे जगणे फसवणूक ठरते, त्या समाजाचीच चर्चा प्रेक्षकांच्या तोंडून बाहेर पडते. म्हणून कोण बोलते आहे, कुठे बसून बोलते आहे, हे पाहिलेच पाहिजे. कार्लाला गोरी समजणारे आणि सेडीला पाहताक्षणी ओळखणाऱ्या काकू, दोघेही प्रेक्षकच.

'वन लाइफ टु लिव्ह' २०१२ मध्ये एबीसीवरून गेली. २४ फेब्रुवारी २०२५ रोजी सीबीएसवर 'बियाँड द गेट्स' ही दुपारची नवी मालिका सुरू झाली. तिच्या केंद्रस्थानी एक श्रीमंत कृष्णवर्णीय कुटुंब आहे, आणि ते फाटक असलेल्या आलिशान वसाहतीत राहते. तिच्या निर्मितीत एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या जुन्या संघटनेचाही वाटा आहे. ओळख न लपवता, अभिमानाने जगणारी ही माणसे दुपारी पडद्यावर दिसतात, ही साधी गोष्ट नव्हे. त्यासाठी सत्तावन्न वर्षे लागली. तिचे मी स्वागत करतो. पण काकूंची सवय मला लागली आहे. नवी मालिका पाहताना मी आधी हे शोधतो, की त्या फाटकाच्या आत झाडलोट कोण करते, आणि तिचे आडनाव काय. आपल्यातला शिकलेला, नोकरदार वर्गही आता फाटकांच्या आत राहायला जातो आहे. आपल्याकडची अशी गोष्ट कुणी लिहिली, आणि ती लिहिलीच पाहिजे, तर ती काकूंना आणि आत्याला आधी दाखवावी. त्या नव्या सुनेलाही बोलावावे. तिचा प्रश्न अजून तसाच पडून आहे.

माझ्या भावाच्या घरी बाबासाहेबांचा फोटो आता बाहेरच्या भिंतीवर आहे. घर त्याने विकत घेतले तेव्हा तो बाहेर आला. भाड्याच्या घरात असता तर आला असता का, हे मी त्याला विचारलेले नाही.